गुलामांचा नातू, फ्रान्सचा गव्हर्नर

फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी १८४८ साली रद्द झाली. ज्यांच्या बेड्या तेव्हा तुटल्या, त्यांच्याच एका नातवावर पुढे फ्रान्सची अब्रू राखण्याची वेळ आली.

फेलिक्स एबुए यांचा जन्म १८८४ साली दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात, कायेन येथे झाला. शिष्यवृत्ती मिळवून ते फ्रान्समध्ये शिकले आणि मध्य आफ्रिकेतील उबांगी-शारी प्रांतात सुमारे वीस वर्षे अधिकारी होते. तेथील भाषांचा व चालीरीतींचा त्यांनी आस्थेने अभ्यास केला. १९३९ साली ते चाडचे गव्हर्नर झाले.

जून १९४० मध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे शस्त्रे ठेवली. व्हिशी सरकारची आज्ञा निमूटपणे पाळणे ही सोयीची वाट होती. एबुए यांनी ती नाकारली. २६ ऑगस्ट रोजी चाड प्रांत द गॉल यांच्या पक्षास मिळाला. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत तो पहिला. व्हिशीने एबुए यांना देहदंड फर्मावला. द गॉल यांनी त्यांना फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिकेचे गव्हर्नर जनरल नेमले.

तरीही एक सल उरतोच. १९४४ च्या आरंभी ब्राझाव्हिल येथे एबुए यांच्याच राजधानीत परिषद भरली. तिने सुधारणांची भाषा केली. वसाहतींचे स्वराज्य मात्र साफ नाकारले. त्याच वर्षी १७ मे रोजी कैरो येथे एबुए निवर्तले.

१९४९ साली पॅरिसच्या पँथेऑनमध्ये त्यांचे अवशेष विसावले. त्याच दिवशी गुलामगिरी-बंदीचे शिल्पकार व्हिक्टर शेल्शेर यांचेही. फ्रान्सने आपले ऋण असे मान्य केले. चाडला मात्र स्वातंत्र्यासाठी १९६० सालापर्यंत थांबावे लागले.