मुदत नसलेली कैद

सकाळचा टोल पडतो. नळावर रांग लागलीय आणि तुम्ही हातात मग घेऊन तिच्यात उभ्या आहात. साल १९७६, महिना मे, काळ आणीबाणीचा, जागा येरवडा तुरुंगाचा महिला विभाग. मागे उभी असलेली जन्मठेपेची बाई विचारते, “ताई, तुमची किती वर्षं?” तिचा हिशेब पक्का आहे: शिक्षा एवढी, माफी एवढी, उरलं एवढं. तुम्हाला उत्तर देता येत नाही. तुमच्यावर खटला नाही, तुम्हाला शिक्षाही झालेली नाही. ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याचा हुकूम तेवढा आहे, आणि अटकेचं कारण सांगायला सरकार बांधील नाही. दर चार महिन्यांनी फेरविचार होणार. तो करणारंही सरकारच.

कोर्टाकडे डोळे लावून बसल्या होतात. २८ एप्रिलला तेही दार बंद झालं. आणीबाणी असेतो अशा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवलं. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात गेले.

महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर उतरलेल्या बायका आता इथे आहेत. अहिल्याताई रांगणेकर आहेत, प्रमिलाताई दंडवते आहेत. प्रमिलाताई येरवड्यात, त्यांचे पती मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. दीडेक वर्ष त्यांचा संसार पत्रांवर चालला, आणि प्रत्येक पत्र आधी सेन्सॉरने वाचलेलं.

लाटणी मोर्च्यातल्याच मृणाल गोरेंना अकोल्याच्या तुरुंगात एकटं ठेवलं होतं. शेजारच्या कोठड्यांत एक कुष्ठरोगी स्त्री आणि एक मनोरुग्ण. मला याचा दुहेरी संताप येतो. त्या दोघींची जागा इस्पितळात होती. त्यांच्या आजाराचा उपयोग तिसरीला खचवण्यासाठी झाला. मृणालताई खचल्या नाहीत. १९७७ च्या मार्चमध्ये त्या आणि अहिल्याताई मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या.

पण तुम्ही त्या विजयापाशी थांबू नका. बंगळूरच्या तुरुंगातल्या कोठडीत जा. तिथे ‘संस्कार’ चित्रपटाची नायिका स्नेहलता रेड्डी दम्याने तडफडतेय. स्फोटांच्या कटाचा आरोप असलेल्या बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संशयावरून तिला धरलंय. जानेवारी १९७७ मध्ये, तब्येत पार ढासळल्यावर, तिला पॅरोलवर सोडलं. २० जानेवारीला ती गेली. आरोपपत्रात तिचं नावच नव्हतं.