जुने पहारेकरी

मी शाळेंत शास्त्र शिकवीत असतांना एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, तळ्याच्या पाण्यांत जंतु असतात म्हणून आपण तें उकळून पितों. मग मासा जन्मभर त्याच पाण्यांत राहून जगतो कसा?" मीं उत्तर दिलें कीं, मासा हा खालच्या पायरीवरचा प्राणी आहे, त्याला आपले रोग होत नाहींत. मुलगा खालीं बसला. परंतु तें उत्तर नव्हतें, पळवाट होती. माशालाहि त्याचे स्वतःचे रोग आहेत आणि त्यांच्याशीं झुंजण्याचीं साधनें त्याच्या रक्तांतच आहेत. या साधनांची खरी योग्यता कळावयास शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षें लागलीं. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

१८८२ सालीं सिसिली बेटावरील मेसिना येथें मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगांत कांटे टोंचले. तारामासा हा नांवाचाच मासा. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों कांट्यांभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! कोणी न शिकवितां शरीर परक्याला घेरतें, ही उपजत रोगप्रतिकारशक्तीची पहिली स्पष्ट ओळख होय.

पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत, मेचनिकॉफ यांच्याच प्रयोगशाळेंत, बोर्दे या तरुण बेल्जियन शास्त्रज्ञानें १८९५ च्या सुमारास एक मार्मिक प्रयोग केला. रक्त गोठल्यावर गुठळीबाहेर जो पिवळसर रस उरतो, तो त्यानें पटकीच्या जंतूंविरुद्ध तयार केलेल्या प्राण्याचा घेतला. हा रस जंतूंना मारी. सुमारें ५५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितांच त्याची शक्ति गेली. पण साध्या, कधींहि न टोंचलेल्या प्राण्याचा थोडासा ताजा रस मिसळतांच ती परत आली! म्हणजे रक्तांत दोन वस्तु होत्या. एक रोगाशीं गांठ पडल्यावर तयार होणारी आणि उष्णता सोसणारी; तीच प्रतिद्रव्यें. दुसरी सर्वांच्या रक्तांत आधींपासून असणारी, पण उष्णतेनें नासणारी. या दुसरीला एर्लिक यांनीं 'पूरक' असें नांव दिलें. १९०८ सालीं मेचनिकॉफ व एर्लिक यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. १९१९ चें बोर्दे यांना मिळालें.

परंतु नांवानें आपला परिणाम केला. प्रतिद्रव्यें हा धनी आणि 'पूरक' हा हरकाम्या, अशी समजूत रूढ झाली. लसीचें यश प्रतिद्रव्यांत मोजतां येई, म्हणून बहुतेकांचें लक्ष तिकडेच वेधलें.

या समजुतीविरुद्ध साक्ष दिली ती माशांनीं. लँप्रे हा वाम माशासारखा लांबट, जबडा नसलेला मासा. त्याचे पूर्वज आपल्या पूर्वजांपासून सुमारें ५० कोटि वर्षांपूर्वीं वेगळे झाले. १९८४ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं त्याच्या रक्तांतून आपल्या 'पूरका'च्या मुख्य प्रथिनाशीं साम्य असलेलें प्रथिन वेगळें केलें. आपल्यासारखीं प्रतिद्रव्यें मात्र लँप्रेजवळ नाहींत. तीं जबड्याच्या माशांत, म्हणजे शार्क व त्याच्या पुढच्या कुळांत आढळतात. ज्याला आपण चाकर म्हटलें, तो धन्याच्या आधीं घरांत होता!

ट्राउट माशाचें उदाहरण याहून बोलकें आहे. मनुष्यांत या मुख्य प्रथिनाचा एकच प्रकार आहे. ट्राउटमध्यें अनेक असून ते निरनिराळ्या परक्या पृष्ठांना कमीअधिक चिकटतात, असें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. थंड पाण्यांत प्रतिद्रव्यें तयार व्हावयास माशाला आठवडेच्या आठवडे लागतात. तोंपर्यंत जंतु का थांबणार? 'पूरक' मात्र त्या थंडींतहि तत्काळ काम करतें.

सर्वांत मोठा धक्का दिला तो अटलांटिक कॉडनें. २०११ सालीं त्याची सारी जनुकें वाचलीं गेलीं, तेव्हां गिळलेल्या जंतूंचे तुकडे दाखवून प्रतिद्रव्यें बनविण्यास चालना देणाऱ्या यंत्रणेचा एक प्रमुख भागच नाहींसा झालेला आढळला. तरी हा मासा समुद्रांत आपलें कूळ चालवीत आहे. त्याच वर्षीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग उपजत प्रतिकारशक्तीच्या संशोधनासाठीं ब्यूटलर व हॉफमन यांना मिळाला.

यावरून प्रतिद्रव्यें निरुपयोगी, असा अर्थ कोणी काढूं नये. नॉर्वेच्या मत्स्यपालनांत १९८७ सालीं जवळजवळ ५० टन प्रतिजैविकें खर्च झालीं होतीं. सॅमनला लस टोंचूं लागल्यावर तो वापर झपाट्यानें उतरला. मात्र सॅमनचा नियम कॉडला लागू पडेलच असें नाहीं. प्रत्येक जातीचें रक्त वेगळें विचारावें लागतें.

माझा तो विद्यार्थी आतां कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडत असेल तर त्यानें ऐकावें : मासा खालच्या पायरीवर आहे म्हणून जगत नाहीं. त्याच्या रक्तांत अतिशय जुने पहारेकरी अखंड जागे आहेत, म्हणून जगतो. आणि तेच पहारेकरी, बाळ, तुझ्यामाझ्याहि रक्तांत आहेत.