सळईपासून चकतीपर्यंत
शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावांतून दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या जुन्या सायकलींचे ब्रेक लोखंडी सळ्यांचे असत. मूठ आवळली की सळ्या वर ओढल्या जाऊन रबरी गुटके रिमच्या आतल्या बाजूवर दाबले जात, परंतु पावसात रिम ओली झाली की पकड ढिली पडे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये इंग्लंडमध्ये मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, आणि आसाजवळची पोलादी चकती, म्हणजे रोटर, दोन्ही बाजूंनी दाबण्याची ही रीत 1990 च्या दशकात डोंगरी सायकलींत येऊ लागली. 160 मिलिमीटरऐवजी 180 मिलिमीटरची चकती बसवल्यास तेवढ्याच दाबाने ब्रेकचा जोर सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो. मात्र कॅलिपरला, म्हणजे चकती दाबणाऱ्या चिमट्याला, योग्य अडॅप्टर लागतो आणि फ्रेमने घालून दिलेली मर्यादा पाळावीच लागते.