रानमोडी आणि मातीतील नत्र

नंदगडच्या माणसाला १८३१ हे साल निराळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी २६ जानेवारीस संगोळ्ळी रायण्णाला येथे फाशी देण्यात आले, आणि त्याच्या समाधीवरचा वड आजही लोक भक्तीने दाखवितात. पण श्रोते हो, त्या काळच्या या रानात, आज खानापूर-हल्याळ रस्त्याकडेला माजणारी एक वनस्पती मुळीच नव्हती. ती म्हणजे रानमोडी.

ही मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील. एकोणिसाव्या शतकात ती कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानात आली, तेथून बाहेर पडली आणि विसाव्या शतकात सह्याद्रीत पसरली. तिचे बी म्हातारीसारखे वाऱ्यावर उडते. परंतु नुसत्या बियांच्या बळावर रान जिंकता येत नाही. खरी गोष्ट मातीतील नत्राची आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही झाडाला ते सरळ घेता येत नाही. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतले जंतू ते बांधून देतात, हे १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल यांनी जाहीर केले. आपल्या शेतकऱ्याला कारण ठाऊक नव्हते, फळ मात्र ठाऊक होते. म्हणून तो ज्वारीत तूर मिसळी आणि भातामागून मसूर पेरी. रानात हेच काम शिरीष आणि पांगारा करतात. इतर देशी झाडे काटकसरी. जांभळाचे जाड पान सावकाश कुजते आणि नत्र थोडे थोडे परत देते. आपल्या तांबड्या मातीतून मोकळे नत्र पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. तेथे ही काटकसरच शहाणपणाची.

रानमोडीची रीत उलटी. तिच्या मुळांना गाठी नाहीत. नवे नत्र ती आणीत नाही. झाडे तुटली, रस्ता खणला, की उघड्या मातीत नत्र एकदम मोकळे होते. ते तिची वरवर पसरलेली मुळे झपाट्याने उचलतात आणि ती पुरुषभर वाढते. तिचा मऊ पाला लवकर कुजतो, खालची माती काळी दिसते, आणि सुटलेले नत्र पुन्हा तिच्याच मुळांशी येते. देशी रोपे तिच्या सावलीत खुरटतात. उन्हाळ्यात तिच्या वाळल्या काटक्यांनी वणवा भडकतो; बरेचसे नत्र हवेत उडते, तरी ती बुडख्यातून पुन्हा फुटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने कुमरी शेतीवर निर्बंध घातले आणि रानाच्या नाशाचे खापर कुमरीवाल्यांवर फोडले. तो सगळाच दोष मला न्याय्य वाटत नाही. कुमरीवाला रान जाळी, पण एकदोन पिके घेऊन ती जागा अनेक वर्षे सोडी, आणि रान ती परत घेई. आज तशी जागा सोडली तर आधी रानमोडी उगवते.

परदेशी म्हणून मी तिला नावे ठेवीत नाही. आपल्या ताटातील मिरची आणि बागेतला काजू पोर्तुगीजांबरोबरच आले. बांधावरचे गिरिपुष्पही मध्य अमेरिकेतले. त्याच्या मुळांना गाठी आहेत आणि त्याचा पाला शेताला नत्र देतो. रानमोडीचा पालाही शेतकरी चिखलणीत तुडवितात. खत म्हणून तो चांगला आहे. मात्र पावसाच्या आरंभी, फुलण्याच्या पुष्कळ आधी, कापला पाहिजे. पौषात कापला तर पाल्याबरोबर बीही शेतात येते.