उन्हाळ्यापुरता पाहुणा

७ एप्रिल २००३ च्या संध्याकाळी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर मी ‘रोलिंग स्टोन्स’ ऐकायला गेलो होतो. शेजारची कॉलेजची मुलं मिक जॅगर कुठे धावतोय ते पाहत होती. माझं लक्ष मात्र मागच्या बाजूला शांतपणे उभ्या असलेल्या बेस गिटारवाल्याकडे होतं. त्याचं नाव डॅरिल जोन्स. मंचावर डझनभर माणसं वाजवत-गात होती, पण बँडचे अधिकृत सदस्य त्यातले फक्त चार. जोन्स त्या चारांत नव्हता. तोपर्यंत तो या बँडबरोबर नऊ वर्षं जगभर हिंडला होता, आणि पुढेही हिंडत राहिला. पण सदस्य म्हणून त्याचं नाव कधी लागलं नाही.

मी त्याच्याकडेच का पाहत होतो, ते शेवटी सांगतो. आधी जुन्या बँडमध्ये नव्या माणसाचं काय होतं, याचा थोडा इतिहास पाहू.

‘रोलिंग स्टोन्स’चा पहिला कार्यक्रम लंडनच्या मार्की क्लबमध्ये १२ जुलै १९६२ ला झाला. तेव्हा पियानोवर इयन स्टुअर्ट होता. बँड उभा करणाऱ्यांपैकी तो एक. पण १९६३ मध्ये नवा व्यवस्थापक आला आणि त्याचं मत पडलं की, सहा जण फार होतात आणि स्टुअर्टचा चेहरा काही पोस्टरवर शोभायचा नाही. झालं! स्टुअर्ट फोटोतून बाहेर गेला. दुसरा कुणी असता तर दार आपटून निघून गेला असता. हा गेला नाही. त्याने सामानाची गाडी चालवली, वाद्यं मांडली आणि पडद्याआडून पियानोही वाजवला. तोही आपल्या अटीवर. उदास वाटणारे ‘मायनर’ स्वरमेळ त्याला आवडत नसत, ते आले की तो सरळ हात उचलून घेई. डिसेंबर १९८५ मध्ये तो वारला. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने बँडचा गौरव केला, तेव्हा त्या यादीत स्टुअर्टचंही नाव होतं. पोस्टरवरून उतरलेलं नाव परत यायला सव्वीस वर्षं लागली, आणि तेव्हा ते पाहायला तो नव्हता.

पहिला खरा ‘नवा माणूस’ आला तो १९६९ च्या उन्हाळ्यात. बँडचा संस्थापक ब्रायन जोन्स याला जूनमध्ये दूर करण्यात आलं आणि त्याच्या जागी वीस वर्षांचा मिक टेलर आला. ५ जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोफत कार्यक्रम ठरला होता. ३ जुलैला ब्रायन जोन्स आपल्या घरच्या पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. कार्यक्रम रद्द झाला नाही. लाखोंच्या गर्दीसमोर जॅगरने आधी शेलीच्या कवितेचा भाग वाचला, फुलपाखरं सोडण्यात आली आणि मग वाजवायला सुरुवात झाली. त्या पोराची कल्पना करा! पहिलाच जाहीर कार्यक्रम, आणि ज्याच्या जागेवर आपण उभे आहोत त्याला जाऊन तीन दिवससुद्धा झालेले नाहीत. टेलर वाजवायचा फार सुरेल. पण डिसेंबर १९७४ मध्ये तो बँड सोडून गेला. गाण्यांच्या श्रेयाबद्दलची नाराजी त्याने पुढे बोलून दाखवली.

त्याच्या जागी आला रॉनी वुड. हा आला तोच मुळी पाहुणा म्हणून. ‘फेसेस’ नावाच्या दुसऱ्या बँडचा हा गिटारवादक १९७५ च्या उन्हाळी दौऱ्यापुरता उसना घेतला होता. १ मे १९७५ ला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका हॉटेलात पत्रकार जमले होते. त्यांना बाहेर बोलावलं, तर समोरून एक उघडा ट्रक आला आणि त्यावर अख्खा बँड वाजवतो आहे! महिन्याभरात, १ जूनला लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज इथे दौरा सुरू झाला. त्या दिवशी वुडचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. वर्ष संपता संपता ‘फेसेस’ फुटला आणि पाहुणा घरचा झाला. पण घरचा म्हणजे वाटेकरी नव्हे. नव्वदच्या दशकापर्यंत तो पगारी होता. पन्नास वर्षं लोटली, तरी ‘रॉनी नंतर आलेला’ असं म्हणणारे लोक आजही भेटतात.

हे दौरे उन्हाळ्यातच का, असा प्रश्न पडेल. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे घामाच्या धारा. तिकडे तो मोकळ्या मैदानांचा हंगाम. शाळा-कॉलेजं बंद, संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड, आणि अमेरिकेत फुटबॉलचा मोसम सप्टेंबरमध्ये सुरू होत असल्याने प्रचंड स्टेडियम त्याआधी रिकामी असतात. मंचाचा सांगाडा उभारायला काही दिवस लागतात, म्हणून एकापेक्षा जास्त सांगाडे घेऊन निघतात. एका गावात कार्यक्रम चालू असताना पुढच्या गावी दुसरा उभा राहत असतो. आपल्या तमाशाच्या फडाचा तंबू आठवा. कारभार तोच, फक्त लोखंड जास्त.

आवाजाचंही एक गणित आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटर लांब बसलेल्या माणसापर्यंत तो पोचायला जवळजवळ सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. म्हणून मैदानात मध्येच उभ्या केलेल्या स्पीकरमधून आवाज तेवढाच उशिरा सोडतात. मंचावर असलेल्याला तर मैदानावरून परत येणारा आवाज आणखी उशिरा ऐकू येतो. त्यावर विसंबला तो चुकला! नव्या वादकाची पहिली परीक्षा इथेच असते.

दुसरी परीक्षा त्या घरच्या रीतीची. साधारणपणे बँड ड्रमच्या मागे चालतो. ‘स्टोन्स’मध्ये उलटं. तिथे ड्रमर चार्ली वॉट्स गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सच्या मागे चाले. रिचर्ड्सची गिटारही वेगळी. अनेक गाण्यांना तो सहावी तार काढून टाकतो आणि उरलेल्या पाच तारा आपल्या पद्धतीने लावतो. अशा ठिकाणी नोटेशन पाठ करून जाणारा तोंडावर पडतो. लय कोण धरतं आणि कोण सोडतं, हे शेजारी उभं राहूनच कळतं.

बेसवादक बिल वायमन १९९३ मध्ये बाहेर पडला, तेव्हा त्याच्या जागेसाठी अनेकांना वाजवून पाहिलं. निवड चार्ली वॉट्सवर सोपवली होती; बेस आणि ड्रम म्हणजे एका गाडीचे दोन बैल. वॉट्स मनाने जाझवाला. त्याने शिकागोचा डॅरिल जोन्स निवडला, जो विशीतच माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये वाजवून आला होता. १ ऑगस्ट १९९४ ला वॉशिंग्टनमध्ये दौरा सुरू झाला. पियानोवरचा चक लीव्हेल १९८२ पासून बरोबर आहे. कुठल्या गाण्यात काय वाजतं आणि कुठल्या गावी कोणती गाणी झाली, याच्या वह्या तो ठेवतो. मूळ मालकांना आठवत नाही ते या ‘बाहेरच्या’ माणसाच्या वहीत सापडतं. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्यांतही मालकापेक्षा प्रॉम्प्टरला नाटक जास्त पाठ असे.

आता माझी गोष्ट. १९७९ च्या मे महिन्यात मी एका ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायला लागलो. वय एकवीस. त्यांचे जुने अ‍ॅकॉर्डियनवाले आदल्या हिवाळ्यात गेले होते. सांगली, मिरज, कोल्हापूर, सोलापूर असा उन्हाळी दौरा. नाईट ठरलेली आणि जेवण कंपनीचं. मी सगळे पीस चोख बसवले होते. चौथ्या कार्यक्रमानंतर ढोलकवाले मामा गाडीत म्हणाले, ‘‘बाळा, वाजवतोस छान. पण आम्ही दम घेतो तिथे तू वाजवतोस.’’ ते मला कळायला अख्खा उन्हाळा गेला.

पण बोच वेगळीच होती. हँडबिलावर नाव त्या गेलेल्या वादकांचंच छापलं जाई. नावाला वजन होतं, सुपारी त्या नावावर मिळत होती. मिरजेला कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन मंचामागे आले. म्हणाले, ‘‘दरवर्षी त्यांच्यासाठी आणतो. दिसले नाहीत आज?’’ मालक शेजारीच उभे होते. मी म्हणालो, ‘‘पुढच्या खेपेला येतील.’’ आणि पुडा घेतला. दोन उन्हाळे वाजवून मी ते काम सोडलं. नाव छापलं नाही म्हणून सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं मला २०२१ मध्ये उमगलं. चार्ली वॉट्स आजारी पडल्यामुळे ‘स्टोन्स’च्या दौऱ्यासाठी स्टीव्ह जॉर्डन या ड्रमरला बोलावलं होतं, वॉट्सचीही त्याला संमती होती. २४ ऑगस्टला वॉट्स गेला. २६ सप्टेंबरला सेंट लुइस इथे दौरा सुरू झाला. आधी मंच रिकामा होता. नुसता ड्रमचा ठेका ऐकू येत होता आणि पडद्यावर वॉट्सची चित्रं उमटत होती. मगच बाकीचे आले. मी ते चित्रीकरण घरी बसून पाहिलं. जॉर्डनला वॉट्स व्हायचं नव्हतं आणि तसं कुणी त्याच्याकडून मागितलंही नव्हतं, कारण जो नाही त्याचं नाव आधीच सर्वांसमोर घेतलं गेलं होतं. हाइड पार्कवरही तेच झालं होतं.

डॅरिल जोन्सचं नाव सदस्यांत नाही, पण तो डॅरिल जोन्स म्हणून उभा राहतो. ब्रेबॉर्नवर मी त्याच्याकडे पाहत होतो तो याच असूयेनं. नाव छापलं नाही, याचं दुःख माणूस पचवू शकतो, इयन स्टुअर्टने पचवलं. दुसऱ्याच्या नावाखाली वाजवणं मात्र पचत नाही.

त्या मिरजेच्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. ते आता हयात असण्याचा संभव नाही. तरीही आज हे सांगून टाकतो : काका, तुमचे पेढे ज्यांच्यासाठी होते ते आदल्या हिवाळ्यातच गेले होते. त्या रात्री वाजवत होतो तो मी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)