कुंभारीण आणि तिची नावे

कुंभारीण अळी कोंडते आणि ध्यासाने ती अळीच कुंभारीण होते, हा भ्रमरकीटन्याय आपल्या परंपरेत रुजला. निसर्ग मात्र अधिक कठोर आहे. कोळीमार माशी दंशाने कोळ्याला लुळे करून त्याच्यावर एकच अंडे घालते. मातीच्या कोठडीत तो मावावा म्हणून काही जाती त्याचे पायही तोडतात!

लिनियसने १७५८ मध्ये अशी माशी 'स्फेक्स' या ऐसपैस प्रजातीत घातली. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने १७९८ मध्ये 'पॉम्पिलस' ही प्रजाती वेगळी काढली. या फॅब्रिशियसकडे आपल्या तंजावरकर भोसल्यांच्या शेजारच्या डॅनिश त्रांकेबारहून कीटक जात, हे आम्हांस मोठे कुतूहलाचे वाटते. पुढे मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांनी माश्या जमवल्या, कॅमेरॉन यांनी त्यांतील अनेकांची वर्णने केली आणि बिंगहॅम यांनी १८९७ मध्ये हिंदुस्थानातील माश्यांचा ग्रंथ सिद्ध केला.

त्यात कोठड्या बांधणाऱ्या जाती 'स्यूडाजेनिया' या कोल यांच्या १८८४ च्या प्रजातीत आहेत. परंतु स्पिनोला यांचे 'ऑप्लोपस' १८४१ चे. म्हणून ज्येष्ठतेच्या नियमाने तेच टिकले. नियम रास्त आहे. तरी त्याहून कितीतरी जुन्या 'कुंभारणी'ला त्या दप्तरात जागा नाही, ही खंत उरतेच.

बरखेड्यात भिंतीवरची कोठडी फुटलेली दिसल्यास आत पाहावे. एकच कोळी असल्यास ऑप्लोपसची शक्यता, अनेक असल्यास दुसरे कुल, अळ्या असल्यास खरी कुंभारीण.