गाऱ्यातला लॉक

बैलबंडीला डिफरन्शियल लागत नाही. बंडीचा आस जागचा हलत नाही, दोन्ही चाकं आपापल्या टोकावर मोकळी फिरतात. वावराच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, बंडी वळवली की बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि त्यात कुणाला काही करावं लागत नाही. ओढ चाकातून येतच नाही, ती बैलांच्या खांद्यावरून येते. याच्या अगदी उलट रेल्वे. १८६७ मध्ये मुंबईकडून आलेले रूळ अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचले. त्या गाड्यांची चाकं आसावर घट्ट बसवलेली; एक जेवढं फिरेल तेवढंच दुसरं फिरणार. वळणावर ते निभतं, कारण रेल्वेच्या चाकाचा घेर आतून बाहेर निमुळता होत गेलेला असतो. एकाच पिढीत वऱ्हाडातला कापूस या दोन्ही प्रकारच्या चाकांवरून मुंबईकडे जात होता: वावरातून स्टेशनापर्यंत मोकळ्या चाकांवर, पुढे बांधलेल्या.

खरी अडचण आली ती साध्या रस्त्यावर, इंजिनाच्या जोरावर चालणाऱ्या गाडीला. तिथे ओढ आसातूनच येते, म्हणजे चाकं आसाला जोडलेली हवीत. आणि वळण घ्यायचं तर ती सुटीही हवीत. पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर या कारागिराने १८२८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची जी जुळणी केली, तिने ही दोन्ही कामं साधली. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तीच कल्पना तीनचाकी सायकलीत बसवली. मोटार आली तेव्हा डिफरन्शियल तयारच होतं.

मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्यात हे असतं. क्राऊन व्हील एक पेटी फिरवतं, पेटीत लहान पिनियन असतात, आणि ते दोन्ही बाजूंच्या शाफ्टना फिरवतात. याचा एक गुण सगळ्यांना माहीत आहे: दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं. दुसऱ्या गुणाबद्दल मात्र जाणत्या ड्रायव्हरांतही गैरसमज आहे. चाक गाऱ्यात घसरायला लागलं की 'सगळी ताकद त्या चाकाला जाते' असं म्हणतात. तसं होत नाही. डिफरन्शियल दोन्ही बाजूंना कायम सारखाच जोर देतं, आणि घात त्यातच आहे.

आकड्यांत पाहू. ट्रॅक्टरचं उजवं चाक ओल्या काळ्या मातीत आहे. ते समजा ५० किलोचा रेटा सोसतं, त्यापुढे घसरतं. डावं कोरड्या धुऱ्यावर आहे, ते ५०० सोसेल. पण उजवं ५० च्या वर घेतच नाही, म्हणून डाव्यालाही ५० च मिळतात. एकूण १००. साडेचारशे किलोची पकड डाव्या चाकाखाली पडून राहते आणि उजवं चाक खड्डा खणत बसतं.

आता दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले तर? उजवं ५० घेईल, डावं आपल्याला झेपतील तेवढे ५०० घेईल, बेरीज ५५०. हाच डिफरन्शियल लॉक. रचना फार सोपी: एका बाजूच्या शाफ्टवर सरकणारी दातेरी कडी असते, ती पेटीच्या दातांत अडकवली की आतले पिनियन फिरायचे थांबतात आणि आस रेल्वेसारखा एकजीव होतो. शर्यतीच्या मोटारींनी १९३० च्या दशकात जर्मनीत वेगळी वाट धरली, अर्धवट जखडणारं डिफरन्शियल काढलं. पण शेताला अर्धवट काही नको होतं. ट्रॅक्टरने पूर्ण लॉकच घेतला.

वऱ्हाडापुरतं बोलायचं तर या लॉकचं घराणं कांदिवलीतून येतं. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या ब्रिटिश शाखेने १९५६ मध्ये बी-२५० नावाचा ट्रॅक्टर काढला, त्यात डिस्क ब्रेक आणि डिफरन्शियल लॉक होते. त्याच वंशातला बी-२७५ महिंद्राने १९६३ पासून मुंबईत कांदिवलीला बांधायला घेतला. त्याआधी महिंद्रा विलीस जीप जोडत होती, आणि त्या जीपच्या आसात लॉक नव्हता. चारही चाकं ओढायची सोय होती, पण प्रत्येक आसातलं डिफरन्शियल साधं, मोकळं. म्हणजे आपल्याकडे लॉक शेताच्या वाटेने आला. जंगलात फिरणाऱ्या जीपला तो मिळायला पुढे कित्येक दशकं जावी लागली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चारचाकीच्या शौकिनांच्या चर्चेत ट्रॅक्टरचं नाव क्वचितच निघतं.

या यंत्रांच्या येण्याला अमरावतीचा एक माणूस कारण होता. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री होते. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं ते त्यांच्या पुढाकाराने, आणि देशोदेशीच्या दालनांतून आधुनिक शेतीची अवजारं इथल्या शेतकऱ्यांना जवळून पाहायला मिळाली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे ते यथार्थ आहे.

यंत्र आलं, पण त्याला लॉकची गरज पाडते ती इथली माती. सह्याद्रीपासून इथवर पसरलेल्या बेसाल्टच्या थरांची झीज होऊन ही काळी माती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात इतकी आकसते की उन्हाळ्यात भेगांत हात जातो. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटकडचा भाग, तर आणखी अवघड: मातीत क्षार, निचरा मंद, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पांदण तुडवता येत नाही. ओला गारा टायरच्या खाचांत भरतो, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, आणि मग नवा टायर काय नि झिजलेला काय, सारखाच.

सोयाबीनच्या दिवसांत, परतीच्या पावसानंतर, हे पाहायला मिळतं. थ्रेशरवरून निघालेली भरली ट्रॉली, पांदणीच्या एका कडेला चाकोरीत साचलेलं पाणी, दुसरी कड सुकलेली. ट्रॅक्टरचं एक मोठं चाक चाकोरीत उतरतं आणि फिरायला लागतं. स्टेरिंगवर विशीतला पोरगा असतो, तो रेस वाढवतो. मागून चालत येणारा काका ओरडतो, "अरे पोट्ट्या, रेस नको देऊ! थांबव आधी. स्टेरिंग सरय ठेव, मंग लॉकवर पाय ठेव." काकाच्या या तीन सूचनांत लॉकचं सगळं शास्त्र आलं. चाक वेगाने फिरत असताना लॉक दाबला तर कडीचे दात पेटीच्या दातांवर आपटतात आणि तुटतात, म्हणून आधी थांबायचं. जखडलेला आस वळू देत नाही, जबरदस्तीने वळवलं तर शाफ्टवर सगळा पीळ येतो, म्हणून स्टेरिंग सरळ. आणि लॉकचं पेडल बहुतेक ट्रॅक्टरांत उजव्या टाचेजवळ असतं, मागे स्प्रिंग. ते धरून क्लच हळू सोडायचा. दोन्ही चाकं एका वेगाने फिरू लागतात, सुकलेल्या कडेवरचं चाक माती धरतं आणि ट्रॉली निघते. टणक जमिनीवर आल्यावर पाय काढला तरी कधीकधी लॉक सुटत नाही, कारण दातांवर ताण राहिलेला असतो. स्टेरिंग जरा इकडेतिकडे हलवलं की कडी खट्कन मागे येते.

पण त्याच ट्रॅक्टरवर दुसरी युक्तीही आहे, आणि तिचं कूळही जुनं आहे. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. डांबरी रस्त्यावर ती पट्टीने एकत्र अडकवतात, वावरात सोडवतात. धुऱ्यावर डवरा किंवा नांगर उचलून आखूड वळण घ्यायचं असेल तर आतल्या चाकाचा ब्रेक दाबायचा, ट्रॅक्टर त्या चाकाभोवती फिरतो. १९२४ च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या फार्मॉलमध्ये तर स्टेरिंग पूर्ण वळवलं की तारेने आतल्या बाजूचा ब्रेक आपोआप लागे. हा फार्मॉलही इंटरनॅशनल हार्वेस्टरचाच, म्हणजे कांदिवलीच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलाच.

वळणासाठी केलेल्या या ब्रेकचा दुसरा उपयोग चालवणाऱ्यांनी शोधला. गाऱ्यात फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक दाबायचा. मघाच्या हिशेबात, त्या चाकाला ब्रेकने २०० चा अडसर केला तर ते ५० ऐवजी २५० घेऊ लागतं. डिफरन्शियल दोन्हीकडे सारखंच देणार, म्हणून कोरड्या चाकालाही २५० मिळतात. जमिनीला एकूण ३००. इंजिनाने मात्र ५०० चा जोर लावलेला असतो, मधले २०० ब्रेकमध्ये तापून जातात. इंग्लंडातल्या चिखलाच्या शर्यतींच्या मोटारींतही याच कामासाठी हातब्रेक असायचे, प्रत्येक मागच्या चाकाला एक.

ट्रॅक्शन कंट्रोल म्हणून आज जे विकलं जातं, ते याच पायाच्या युक्तीचं संगणकाने चालवलेलं रूप आहे. १९७८ मध्ये बॉशची एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आली, आणि तिच्यासाठी चाकांचा वेग मोजणारे सेन्सर बसले. कोणतं चाक ब्रेकने अडकतंय हे कळतं, तर कोणतं मोकाट फिरतंय हेही कळणारच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिरणारं चाक ब्रेकने दाबायची आणि इंजिनाचा जोर उतरवायची व्यवस्था मोटारींत आली. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीची झाली. सेन्सर आणि ब्रेकचा पंप आधीच गाडीत आहेत, तर वरचा प्रोग्रॅम स्वस्तात बसतो. ही पद्धत इतकी पसरली त्याचं मोठं कारण हे आहे. ती लॉकपेक्षा सरस आहे हे नव्हे.

मेळघाटात मात्र ती खरोखर कामाला येते. सेमाडोह, चिखलदरा किंवा अकोल्याच्या बाजूने नरनाळ्याकडे जाताना वाट दगडगोट्यांची, चढाची, सारखी वळणारी. मारुतीच्या जिप्सीला लॉक नाही. एक पुढचं आणि त्याच्या तिरकं मागचं चाक अधांतरी झालं की ती जागच्या जागी चाकं फिरवते. अशा ठिकाणी जिम्नीसारख्या गाडीत ब्रेक आपोआप लागून काम होतं, आणि वळणात स्टेरिंगही हलकं राहतं. लॉक लावलेली गाडी तिथे सरळच जायला बघते. घसरण्याचे प्रसंग क्षणभराचे असतात, ब्रेक तापायला वेळच मिळत नाही.

पूर्णेकाठच्या पांदणीत हे उलटं होतं. तिथे गारा पाचशे-सातशे मीटर लांब असतो, चाक सतत घसरत असतं, ब्रेक सतत लागत राहतो. जोर उष्णतेत जातो, आणि ब्रेक फार तापले की संगणक ती मदत काढून घेतो. त्याहून मोठी उणीव अशी की ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरल्याशिवाय जागं होत नाही. लॉक आधीच लावून ठेवता येतो.

लॉकलाही मर्यादा आहे. दोन्ही चाकं सारख्याच गाऱ्यात असतील तर ५० आणि ५० ची बेरीज लॉकनेही १०० च राहते. तिथे पिंजऱ्याची लोखंडी चाकं लावावी लागतात, नाहीतर वाफसा येण्याची वाट पाहावी लागते.

२०२० च्या थारमध्ये महिंद्राने दोन्ही गोष्टी दिल्या: ब्रेकवर चालणारी मदत, आणि मागच्या आसात यांत्रिक लॉक. हा लॉक ईटन कंपनीच्या जुन्या अमेरिकन रचनेतला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि आस आपोआप जखडतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सने गुरखामध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना ड्रायव्हरने लावायचे लॉक दिले. २०२४ च्या थार रॉक्समध्ये मागचा लॉक बटणावर आला. या तिघांत मी वऱ्हाडासाठी हाताने लावायचा लॉक निवडेन. आपोआप लागणाऱ्याला आधी तो वेगाचा फरक हवा असतो, चाक थोडं फिरावं लागतं, आणि ऑगस्टमधल्या काळ्या मातीत तेवढ्या फेऱ्यांत टायर रिमपर्यंत खाली जातो.